लोखंडी धावेच्या जागी रबर

पत्रक मी लिहिलं होतं. ते आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं मी दुसऱ्या कुणावर खापर फोडतोय असं वाटायला नको.

दुष्काळानंतरच्या हंगामात आमच्या तरुण मंडळानं ऊसतोडकऱ्यांच्या बैलांचा प्रश्न हाती घेतला. कारखाना कुठला ते लिहीत नाही. तेव्हा नगर जिल्ह्यात कुठल्याही कारखान्याच्या फाटकाशी उभं राहिलं तरी तेच दिसायचं. पाथर्डीकडून आलेली, बरगड्या मोजता येतील अशी जनावरं, लाकडी चाकांच्या गाड्या आणि चाकांवर लोखंडी धाव. ती धाव फुफाट्यात रुतायची आणि बैल गुडघ्यावर यायचे. पेट्रोल महागलं म्हणून वर्तमानपत्रं रोज रडत होती. बैलाचं पेट्रोल म्हणजे कडबा. तो डोळ्यांनी दिसत नव्हता, पण त्यावर कुणी चार ओळी छापल्या नाहीत. म्हणून आम्ही छापायचं ठरवलं. मागणी एकच : गाड्यांना रबरी टायर द्या.

नुसत्या घोषणेला कारखाना भीक घालणार नाही हे मला ठाऊक होतं. पुरावा हवा होता. संगमनेरच्या एका आडत्याकडून पोती तोलायचा टांगता काटा मागून आणला. गाडीला काटा, काट्याला दोर, दोराला आम्ही चौघं पोरं. जितकी गाडी जड चालेल तितका काटा पुढं सरकणार. गाडी दिली ती एका तोडकऱ्यानं. चाळिशीचा, कमी बोलणारा माणूस. मी त्याला दादा म्हणायचो, त्याच्या बायकोला वहिनी. त्यांच्या जोडीतला डावा बैल वहिनींनी वासरापासून पेज पाजून वाढवला होता. हंगाम संपला की त्याच जोडीवर घरची कोरडवाहू नांगरायची होती. बैल धड परत नेणं, एवढंच दोघांचं मागणं होतं.

धावेची गाडी ओढताना आमच्या हातांना फोड आले. मग भंगारवाल्याकडून आणलेले टायर एकामागून एक चढवून पाहिले. जाड नक्षीचे चढवले तेव्हा काटा जवळजवळ निम्म्यावर आला. हवा कमी केली की पुन्हा चढायचा. सगळ्यात हलके निघाले ते झिजून गोटा झालेले, दगडासारखी हवा भरलेले. गाडी अक्षरशः आमच्या मागून धावत आली. मी म्हटलं, हेच.

दादानं त्या गुळगुळीत रबरावर अंगठा दाबून पाहिला.

"भाऊ, वढायचा काटा झाला. थांबायचा काटा कुठं हाय?"

आम्ही हसलो. मीही हसलो. वहिनी हसल्या नाहीत. उताराला चाकापुढं दगड टाकायचं काम त्यांचं होतं. धावेचं चाक दगडाला अडायचं, गाडी जागेवर थांबायची.

आता माझं कर्तृत्व ऐका. बैलाच्या सोललेल्या खांद्याबद्दल लिहून कारखान्याचे साहेब हलणार नाहीत, हे मी मोठ्या हुशारीनं ओळखलं. म्हणून पत्रकाच्या माथ्यावर ठळक टाइपात घातलं : तीच वैरण, तेच बैल, दुप्पट ऊस. साहेब हलले. महिन्याभरात टायरच्या गाड्या वाटल्या गेल्या, आम्ही सुचवले तसेच गोटा टायर लावून. स्वस्तही पडले असणार. मंडळात मला हार घातला.

पहिला आठवडा खरंच सुखाचा गेला. जोडी कोपीशी, पाचटाच्या झोपडीशी, बसून निवांत रवंथ करते, असं वहिनी सांगत होत्या. मग टोळीच्या मुकादमानं पाहिलं की भरल्या गाडीलाही बैल फारसे फेसाळत नाहीत. त्यानं आणखी मोळ्या टाकायला लावल्या. दादानं नको म्हटलं. मी तिथंच होतो, मीही तोंड उघडलं. मुकादमानं खिशातून घडी घातलेलं पत्रक काढलं.

"तुमीच छापलंय की भाऊ, दुप्पट. का छापून इसरला?"

टोळीतली माणसं हसली. गाडी शिगोशीग भरली.

भर दुपारी आम्ही पाटाच्या पुलावर आलो. चढ बैलांनी सहज चढला. पलीकडच्या उतारावर पाट फुटून ओल झाली होती. गाडी सुटली. सगळं ओझं मागून जुवावर आलं. दादा कासरा ओढत होता, पण बैल थांबतील कशाच्या जोरावर? वहिनींनी पळत येऊन नेहमीचा दगड चाकापुढं टाकला. टायर त्या दगडावरून उडी मारून गेला. डावा बैल आधी गुडघ्यावर आला, मग कुशीवर, आणि चाक त्याच्या मागच्या पायावरून गेलं. तो आवाज वाळक्या उसाचं कांडं मोडावं तसा होता. मी त्याहून बरा शब्द शोधला, सापडला नाही.

दोर कापून जू काढलं. उजवा बैल बाजूला उभा राहून थरथरत होता. वहिनी रडल्या नाहीत. डाव्याच्या तोंडाशी बसून त्याच्या नाकपुड्यांतली माती बोटानं काढत राहिल्या. मी दादाला म्हटलं, लिहितो मी, मालाला मर्यादा पाहिजे, गाडीला ब्रेक पाहिजे. तो म्हणाला,

"लिवा. याला उठवायचं लिवता येतं का बघा."

बैल उठला नाही. दुसऱ्या दिवशी मुकादमानं उजव्याच्या जोडीला टोळीतला दुसरा बैल जुंपला. दादा आणि वहिनी हंगाम संपेपर्यंत त्याच गाडीवर राहिले, तेवढाच माल भरून. घरी जाताना वहिनी एकाच बैलाचा कासरा धरून चालत होत्या. ब्रेकचं पत्रक मी लिहिलं. मंडळातले थोरले म्हणाले, आत्ताच मिळवलेल्या गोष्टीविरुद्ध कसं छापायचं, लोक हसतील. ते छापलं नाही.

कारखान्याच्या वजनकाट्याशेजारच्या भिंतीवर माझं पहिलं पत्रक खळीनं चिकटवलेलं होतं. मी ओलं फडकं आणि खुरपं घेऊन गेलो आणि वरची ओळ खरवडायला लागलो. राखणदारानं मनगट धरलं.

"अहो, हे तर तुमचंच ना?"

माझंच, म्हटलं. तोवर 'दुप्पट' एवढंच निघालं होतं. त्यानं खुरपं काढून घेतलं आणि मला फाटकाबाहेर नेऊन सोडलं. बाहेर टायरच्या गाड्यांची रांग लागली होती, सगळ्या शिगोशीग भरलेल्या.