पत्र्यावरचे झाप

आधी काकींचं सांगते, मग बाकीचं. काकी म्हणजे आमच्या घरमालकीण. तारकर्लीत त्यांच्या माडांच्या बागेत, मागच्या अंगाला पत्र्याची एक खोली आहे, तिथं आम्ही भाड्यानं राहतो. माझा मुलगा आज अंगणात कोंबड्यांमागं धावतो तो त्यांच्यामुळं. आठवीत शाळा सुटली माझी, लिहायची सवय नाही. पुढंमागं झालं तर सांभाळून घ्या.

आम्ही जालन्याकडचे. नवरा इथं लॉजच्या बांधकामांवर गवंडी आहे. बाळ महिनाभर आधीच झालं आणि नेमकं मे महिन्यात. दोन ओंजळींत मावेल एवढं. दवाखान्यातून सोडताना सांगितलं होतं, याला उकाडा सोसणार नाही, जपा.

जपायचं कसं? दुपारी पत्रा असा तापायचा की खाटेवर पडलं तरी तोंडावर झळ यायची. पंख्याला व्होल्टेज नाही, पाती मोजता यायची. तीन आठवड्यांत बाळाचं अंग पुरळानं लाल झालं. आईला फोन केला तर ती म्हणाली, "बाळंतिणीची खोली बंद ठेव, वारं लागू देऊ नको." नवरा म्हणाला, "अगं, कूलर आणू. गावाकडं कूलर लावला की भर दुपारी चादर ओढायचो, आठवतं ना?"

आठवत होतं. म्हणून तर मीही हो म्हटलं.

त्यानं ओळखीच्याकडून जुना कूलर आणला, पाणी भरलं. भिंत आणि पत्रा यांच्यामध्ये चारी बाजूंनी वीतभर फट होती. गारवा बाहेर जाऊ नये म्हणून आम्ही तिच्यात गोणपाटं कोंबली. दार लावून घेतलं आणि तो कामावर गेला.

पहिली दहा मिनिटं बरं वाटलं. मग खोली ओली व्हायला लागली. दुपटं दमट, उशी दमट, माझ्या मानेवरून घामाच्या धारा. मला वाटलं कूलर कमी पडतोय, मी तो मोठा केला. पंखा आणखीच मंदावला. बाळाला छातीशी धरलं तर ते नुसते ओठ हलवायचं आणि मान टाकायचं. पुन्हा धरलं, पुन्हा तेच. बाळाला तपासायला घरी येणाऱ्या आरोग्य केंद्राच्या आशाताईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, "तासाभरात पोचते. आधी त्याला गारव्यात ने. मी आल्यावरही प्यायलं नाही, तर तसंच मालवणला दवाखान्यात न्यायचं."

गारव्यात ने म्हणजे कुठं ने? कूलर तर समोर चालू होता! मी रडायलाच लागले. ते ऐकून काकी दार ढकलून आत आल्या.

"अगो चेडवा, ह्या काय करून ठेवलंस? झिलाक मोदकासारखो वाफवतंस?"

"काकी, गावाकडं कूलरनं..."

"तुझ्या गावची हवा सुकी. हंय दाराशी समुद्र आसा. हवेतच पाणी, आणि तू त्यात आणखी पाणी घालतंस!"

त्यांनी कूलरची पिन उपटली. गुडघे दुखत असून स्टुलावर चढल्या आणि गोणपाटं ओढून काढली. मी म्हटलं, आई म्हणते वारं लागेल. "तुझ्या आवशीक सांग, काकीन सांगल्यान," म्हणाल्या आणि बाळाला उचलून स्वतःच्या पडवीत घेऊन गेल्या. पडवीवर कौलं, खाली सारवलेली जमीन. मग जाऊन बागेचा पंप बंद केला. "माडांक पाणी आता सकाळीच घालतंय." पंप थांबला तसा पडवीतला पंखा गरगरायला लागला. पंख्याचं व्होल्टेज हा पंप खातो, हे एवढ्या दिवसांत मला कळलंच नव्हतं.

आशाताई आल्या. बाळ अजून मान टाकूनच होतं. त्यांनी मला वाटीत दूध काढायला लावलं आणि चमच्यानं एक थेंब त्याच्या जिभेवर ठेवला. आम्ही तिघी त्याच्या गळ्याकडं बघत होतो. थेंब ओठातून बाहेर आला. दुसरा गेला की नाही कळलं नाही. तिसऱ्याला गळा हलला. अर्ध्या तासानं त्यानं छाती पकडली. मालवणला जावं लागलं नाही. मात्र रोज वजन करायचं, असं आशाताईंनी बजावलं.

नवरा धावत आला तेव्हा काकींनी त्याला बसूही दिलं नाही. पडवीच्या कोपऱ्यात झापांची चळत होती. झाप म्हणजे माडाच्या झावळ्या विणून केलेले तट्टे. इथं पावसाआधी ते पडवीच्या उघड्या बाजूला बांधतात, म्हणजे झड आत येत नाही. ती सगळी चळत काकींनी आमच्या पत्र्यावर चढवली. "खालसून वर लाव रे, माशाच्या खवल्यांसारखे. गवंडी मां तू?" असं ओरडत खालून सुंभ पुरवत होत्या. दुसऱ्या दुपारी पत्र्याखाली हात धरला तर झळ नाही. एका पंख्यावर बाळ झोपलं. कूलर ज्याचा होता त्याला परत गेला.

ते झाप काकींनी स्वतःच्या पडवीसाठी विणले होते, पंधरा दिवस बसून. नवे विणायला वेळच उरला नाही. त्या पावसात पडवी आतपर्यंत भिजली, रचलेली लाकडंही भिजली. मी बोलायला गेले तर म्हणाल्या, "गप रव गो."

मी गप्प आहे. पण काकींच्या पडवीची ती बाजू माझा नवरा एक दिवस चिऱ्यांनी बांधून देणार, आणि त्याच्या हाताखाली चिरे मी वाहणार. त्यांना अजून सांगितलेलं नाही. इथं लिहून ठेवते, म्हणजे मला मोडता येणार नाही.