उशिराचं कारण

वेळेच्या बाबतीत माझ्या बायकोच्या मामांइतका कर्दनकाळ माणूस अख्ख्या वऱ्हाडात झाला नाही आणि पुढे होईल असं वाटत नाही. तीसेक वर्षं त्यांनी एसटीत वाहतूक नियंत्रक म्हणून काढली. म्हणजे स्टँडवरच्या जाळीच्या खोलीत बसायचं, कुठली गाडी कधी आली, कुठल्या फलाटावर लागली, कधी सुटली हे रजिस्टरात लिहायचं आणि मधूनमधून भोंग्यावरून ओरडायचं. एकदा खुद्द मामी अचलपूरच्या गाडीत पिशव्या ठेवून तांब्या भरायला खाली उतरल्या. तेवढ्यात वेळ झाली आणि मामांनी गाडी सोडली. पिशव्या अचलपूरला गेल्या, मामी तांब्या घेऊन स्टँडवर राहिल्या. "घरची सवारी असली म्हनून घड्याळ थांबते काय?" असं वर मामींनाच विचारलं. मामी चार दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत. ही गोष्ट मामांना पाचव्या दिवशी कुणीतरी सांगितली तेव्हा कळली.

आमच्या लग्नात मी मुंडावळ्या सारख्या करत आरशापुढे जरा रेंगाळलो, तर मंडपातल्या लाउडस्पीकरवरून त्यांचा आवाज आला, "नवरदेवानं ताबडतोब आपल्या जागेवर यावं, सुटायची वेळ झालेली आहे." वऱ्हाडी मंडळींपैकी दोघांनी सवयीने आपापल्या पिशव्या उचलल्या. त्या काळात आमच्याकडे भारनियमनाने लोकांचा जीव नकोसा केला होता. सगळं गाव वीज गेली म्हणून शिव्या द्यायचं. मामा मात्र वीज ठरल्या वेळेपेक्षा दहा मिनिटं उशिरा गेली म्हणून वीज कार्यालयात फोन करून जाब विचारायचे.

निवृत्त झाले तरी रजिस्टर सुटलं नाही. लांबोडकं, लाल कापडी पुठ्ठ्याचं, हाताने रेघा मारलेलं. गाडी, फलाट, प्रवासी, सुटण्याची वेळ आणि शेवटचा रकाना, 'उशिराचं कारण'. नोकरीत असताना या रकान्यात त्यांनी टायर, फाटक, वाहकाचं जेवण, रस्त्यावर बसलेल्या म्हशी, सगळ्यांना बसवलं होतं. फक्त एक कारण तिथे कधी आलं नाही. मी एकदा भीत भीत विचारलं, "मामा, कधी नियंत्रकाचीच चूक झाली तर?" चष्म्यावरून माझ्याकडे बघत ते म्हणाले, "नियंत्रकाची चूक नसते, जवाईबापू. नियंत्रक चुकला तं मंग लिहीन कोन?"

अमरावतीत मी तेव्हा चार संगणकांचा इंटरनेट कॅफे चालवत होतो. ते दिवस वाईट होते. कापसाने सगळ्यांनाच रडवलं होतं, सकाळी पेपर उघडायला हात धजत नसे, आणि खेड्यांतून येणारी माणसं कॅफेच्या दारात चपला काढून आत यायची. अशात निवृत्त मामांनी माझ्या दाराशी टेबल टाकलं. कोणता संगणक किती वाजता चालू झाला, त्यावर कोण बसलं, कधी उठलं, हे रजिस्टरात चढू लागलं. एके दिवशी मी तीन कळा एकदम दाबून, आत कोणकोणते प्रोग्राम चालू आहेत आणि कोण किती मेमरी खातोय, ती यादी त्यांना दाखवली. मामांना आपलं स्टँड परत मिळालं. "म्हंजे हे मेमरी म्हंजे फलाट," ते म्हणाले. "आन् ह्या गाड्या. आता मले सांगा, ह्या एकाच नावाच्या सहा गाड्या काहून उभ्या हायेत? मार्ग कोनता ह्यायचा? चालक कुठं हाय?" मी चहा सांगितला.

तेव्हापासून संगणक मंदावला की मामा चौकशीला बसत. मी आपला अडाणी माणूस, जो प्रोग्राम जास्त खातो त्याला धरून बंद करायचो. मामांना हे अजिबात खपत नसे. कुठून निघाला, कशासाठी थांबलाय, हे समजल्याशिवाय ते कुणाला हलवू देत नसत. "उभा दिसला म्हनून रिकामा नसते. मुक्कामी गाडी रातभर नुसती उभी दिसते, पन सकाळी भाजी आन् दूध तेच आनते." एकदा मात्र त्यांचा स्वतःचाच तोल गेला. यादीत 'सिस्टिम आयडल' नावापुढे सत्त्याण्णवचा आकडा बघून ते ताडकन उठले. इंजिन चालू ठेवून चालक टपरीवर गेलाय, असा त्यांचा ग्रह झाला. "सत्त्यान्नव टक्के डिझेल फुकट जळून राह्यलं, आन् तुमी गिऱ्हाइकाशी गप्पा मारून राह्यले!" तो आकडा म्हणजे संगणकाची उरलेली फुरसत, हे समजावताना माझी दुपार गेली. शेवटी ते पटल्यासारखं करून म्हणाले, "फुरसतीची नोंद ठेवते, हे बाकी चांगलं हाय."

याच माणसाने एका रविवारी मला न विचारता चारही संगणकांवर दुसरा अँटिव्हायरस चढवला. एक होताच. पण मामांचा युक्तिवाद साधा होता. वाहक तिकीट फाडतो, त्याच्यावर तपासणी पथक असतं. मग या पहिल्याला तपासणार कोण? मी हसलो आणि गप्प बसलो. सोमवारपासून आमचे संगणक असे चालू लागले की माणसाने बटण दाबावं, चहा पिऊन यावं, तरी चक्री फिरतच असावी. यामागचं कारण मला पहिल्या दिवशीच कळलं होतं. पण बायकोच्या मामांना, तेही नियंत्रकाला, चुकलात म्हणून जावयाने कसं सांगायचं? मी नेट वाईट आहे असं म्हणत आठवडा काढला.

शुक्रवारी तीन वाजता वलगावची एक मुलगी वडिलांबरोबर आली. मनीषा तिचं नाव. त्यांचा भाजीचा मळा होता. वडिलांच्या खांद्यावर ओल्या फडक्यात बांधलेली कोथिंबीर होती आणि पाणी मशीनवर पडेल म्हणून ते दारातच उभे राहिले. इंजिनिअरिंगच्या कॉलेजांची पसंती नेटवर भरायचं तेव्हा नवीनच निघालं होतं. शेवटचा दिवस, पाच वाजता अर्जाचं दार बंद. शहरातल्या बाकीच्या कॅफेंत रांगा लागलेल्या. वडील मला म्हणाले, "भाऊ, मार्क चांगले हायेत तिले. सरकारी कॉलेज भेटलं तं शिकवतो. नाई तं आपल्याच्यानं होत नाई. तिलेबी मालूम हाय." ते तिच्यासमोरच बोलले आणि ती खाली बघत राहिली.

पान उघडायलाच वीस मिनिटं लागली. पहिलं कॉलेज निवडलं आणि पडदा गोठला. संगणक बंद करून परत चालू केला, तर दोन्ही अँटिव्हायरस आरंभापासून तपासायला बसले. दुसऱ्या संगणकावर बसवलं, तिथेही तेच. चार वाजले. मामांनी रजिस्टर उघडलं, टोपण दातात धरलं आणि यादीतलं एकेक नाव उतरवायला घेतलं.

"मामा, जरा लवकर..."

"चौकशी झाल्याबिगर गाडी हलत नाई."

मी तिथे उभा होतो. मला ठाऊक होतं. एक वाक्य बोलायचं होतं, आणि मी माउसची वायर सोडवत राहिलो. आजही ती चौकशी आठवली की मला माझीच लाज वाटते.

बोलली ती मुलगी. इतका वेळ ती त्या आकड्यांकडे बघत होती. "काका, हे वरचे दोघं पाहा नं. ह्याचा आकडा वाढला का त्याचा वाढते, त्याचा वाढला का ह्याचा. हे एकमेकालेच तपासून राह्यले."

मामांनी चष्मा पुसला. दोन्ही नावं पुन्हा वाचली.

"दुसरा कोनं बसोला व माय?" त्यांनी हळूच विचारलं. प्रश्न तिला होता, पण उत्तर माहीत होतं ते त्यांना आणि मलाच.

दारातून तिचे वडील मनापासून म्हणाले, "ज्यानं कोनं बसोला अशीन, साहेब, त्याले पयले निलंबित करा."

मी खोकलो. मामा मात्र हसले नाहीत आणि चिडलेही नाहीत. "बराबर हाय तुमचं," एवढंच म्हणाले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "जवाईबापू, दुसरं पथक उतरवा. चौकशी नको." इतक्या वर्षांत मी त्यांच्या तोंडून 'चौकशी नको' हे शब्द पहिल्यांदा ऐकले. मी ते काढायला लागलो, आणि मामा उठून बाकीच्या तीन गिऱ्हाइकांपुढे उभे राहिले. "सगळ्यांनी पाच मिन्टं थांबा. लाइन ह्या पोरीले लागते." ज्या माणसाने स्वतःच्या बायकोसाठी गाडी थांबवली नाही, त्याने त्या मुलीसाठी अख्खं स्टँड थांबवलं.

पान झपझप उघडलं. मनीषाने कॉलेजं एकामागून एक भरली. तिची नजर सारखी घड्याळाकडे जात होती आणि मामा मागे उभे राहून प्रत्येक नाव भोंग्यावरच्या आवाजात वाचत होते. अर्ज गेला, पोच आली, तेव्हा त्यांनी मनगटाकडे बघितलं आणि टेबलाकडे जाऊन काहीतरी लिहिलं. वडिलांनी फडकं सोडून कोथिंबिरीची एक जुडी मामांच्या टेबलावर ठेवली. मामांनी ती घेतली आणि पाणी रजिस्टरावर पडू नये म्हणून बराच वेळ हातातच धरून बसले.

त्या दुसऱ्या अँटिव्हायरसचा विषय आमच्यात पुन्हा कधीच निघाला नाही. कुणी विचारलं तर मामा सांगत, "त्या दिवशी नेट खराब होतं." मनीषाला सरकारी कॉलेज मिळालं. आता ती पुण्यात दुसऱ्यांचे प्रोग्राम का मंदावतात ते शोधायचीच नोकरी करते. मामा गेले तेव्हा ती भेटायला आली होती. मामींना म्हणाली, "काका मागून वाचत होते नं, म्हनून माहा हात थांबला नाई." मामी म्हणाल्या, "माह्यासाठी तं कदी थांबले नाईत व माय ते." आणि मग दोघी एकदम हसल्या आणि रडल्या.

त्यांची रजिस्टरं मामींनी माझ्याकडे दिली. मी तो शुक्रवार शोधून काढला. वळणदार, ताठ अक्षरात नोंद होती. गाडी, वलगाव ते सरकारी कॉलेज. प्रवासी, एक. सुटण्याची वेळ, चार वाजून बावन्न मिनिटं. आणि शेवटच्या रकान्यात, जिथे तीस वर्षं फाटकं आणि म्हशी बसल्या होत्या, तिथे एकच शब्द होता, 'नियंत्रक'.

संगणक कशाने मंदावले ते मला आठवडाभर माहीत होतं, हे त्यांनाही नक्की कळलं असणार. पण त्यांनी माझं नाव घातलं नव्हतं. मग मी खिशातलं पेन काढलं आणि त्या शब्दापुढे, जमेल तितक्या ताठ अक्षरात, 'आणि जावई' असं लिहिलं.