बुवांच्या सह्या

पुस्तकं जमवायच्या नादात आमच्याकडे पुस्तकं जमली थोडी, किस्सेच फार! यवतमाळात आमचं तिघांचं टोळकं आहे. मूळचा कळंबचा अण्णा, दातांचे एक डॉक्टर आणि बँकेतून रिटायर झालेला मी. नाद एकच. जुन्या संगीत नाटकाच्या पदांची स्वरलिपीची पुस्तकं, अन् तीही चाली बांधणाऱ्या बुवांची सही असलेली. बुवांची कंपनी एके काळी आपल्या जिल्ह्यात गावोगाव फिरली. खेळ संपला की ही पुस्तकं सहीसकट विकली जायची, म्हणून ती अजून कुणाकुणाच्या माळ्यावर निघतात. आमचा कायदा साधा : पत्ता ज्यानं काढला, पुस्तक त्याचं.

*

पहिलं पुस्तक मला राजूरला मिळालं, खाणीत नोकरी केलेल्या एका गृहस्थांकडे. सही खराब होऊ नये म्हणून मी ते पान सरळ लॅमिनेट करून आणलं. डॉक्टरांनी पान उलटसुलट पाहिलं आणि शांतपणे विचारलं, "आता हे आधार कार्डासोबत खिशात ठेवता काय?"

*

पांढरकवड्याला डॉक्टरांनी पत्ता काढला, एका ट्रान्सपोर्टवाल्याचा. गडी अडून बसला. पुस्तक कपाटातच पडणार असेल तर माझं कपाट काय वाईट आहे, म्हणे. यातलं काही येत असेल तर करून दाखवा. अण्णानं मोबाईलवरच पेटी काढली आणि डॉक्टर गायला लागले. बाहेर हायवेवर ट्रकांचे हॉर्न, आत डॉक्टरांची तान. अंतऱ्यापर्यंत जायची वेळच आली नाही. "बस करा साहेब, घेऊन जा," तो म्हणाला, अन् चहा मात्र गाणं थांबल्यावरच मागवला.

*

मग डॉक्टरांना नकली सह्यांची धास्ती बसली. दवाखान्यातलं भिंग घेऊन त्यांनी सगळ्या सह्या एकमेकींशी ताडून पाहिल्या. तंतोतंत! तेच ठसठशीत अक्षर, शेवटी तोच फराटा. त्याच सुमारास त्यांनी पुण्याच्या एका विक्रेत्याकडून मोठ्या हौसेनं एक पुस्तक मागवलं. त्यावरची सही अशी वेडीवाकडी, की जणू बैलगाडीत बसून केलेली. एकाही सहीशी जुळेना. डॉक्टर इतके भडकले की ते बोगस पुस्तक त्यांना दवाखान्यात नको झालं. अण्णा म्हणाला, मले द्या. कळंबच्या घरी त्याच्या वडलांची पायपेटी एका बाजूनं डुगडुगत होती, तिच्या पायाखाली ते बरोब्बर बसलं.

*

अण्णाच्या वाट्याला मात्र एकही सही आली नाही, अन् खरी तळमळ त्यालाच. त्याचे वडील, नाना, तरुणपणी बुवांच्या शेजारी बसून हीच पायपेटी वाजवायचे. पण नानांच्या स्वतःच्या पुस्तकावर सही नाही. विचारलं की नुसते हसायचे, "राहून गेलं." नव्वदी उलटलेली, नजर अधू होत चाललेली. नानांना दिसतंय तोवर बुवांची सही त्यांच्या हातात द्यायची, एवढंच अण्णाचं म्हणणं. गेल्या हिवाळ्यात नाना आजारातून उठले, तेव्हा डॉक्टरांनी कपाट उघडलं आणि कायदा मोडून पांढरकवड्याचं पुस्तक अण्णाच्या हातात ठेवलं. मला भरून आलं, खोटं कशाला सांगू.

*

आम्ही तिघंही कळंबला गेलो. अण्णानं पुस्तक नानांच्या मांडीवर ठेवलं. नानांनी चष्मा पुसला, सहीवरून बोट फिरवलं आणि खुदकन हसले.

"हे तं माह्यंच अक्षर आहे."

नाना आपले रंगात येऊन सांगत होते. बुवांची बोटं पेटीवर कशी पळत, पण टाक धरला की हात थरथर कापे. लोकं ताटकळत. "मंग बुवा म्हणत, तूच कर. ह्या जिल्ह्यातल्या समद्या म्याच केल्या. मंग आपल्याच पुस्तकावर आपणच कायले करू?"

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं, मी अण्णाकडे. अण्णा उठला, पायपेटीजवळ गुडघे टेकून बसला आणि एका हातानं पेटी उचलू लागला.

"अरे, ते कायले काढून राह्यला?" नाना ओरडले, "डुगडुगन ना पेटी!"