चुना कुणी लावला

जळगावात माझा फोटो स्टुडिओ होता आणि लग्नांच्या कामाला धुळ्याचा एक जण माझ्या जोडीला असायचा. मी त्याला आबा म्हणतो, तो मला नाना. असोद्याच्या एका लग्नात त्याने काढलेले सगळे फोटो वाया गेले. मे महिन्यातलं भर दुपारचं लग्न. निगेटिव्ह काळ्याकुट्ट, आणि प्रिंटवर नवरीचा चेहरा म्हणजे नुकतीच रंगवलेली चुन्याची भिंत. लोक त्याला चुनाभाऊ म्हणू लागले. चुना लावणारा, फसवणारा, असाही अर्थ त्यातून निघायचा. तो धुळ्याला निघून गेला आणि पुन्हा कॅमेऱ्याला हात लावला नाही.

"ऊन पाहून लेन्सचा आकडाही लावता येत नाही का?" असं त्या लग्नघरात सर्वांसमोर मीच त्याला विचारलं होतं. चौथ्या दिवशी मी त्याने वापरलेली माझी लेन्स तपासली. कारण दिसलं. लेन्स कपाटात ठेवली आणि गप्प बसलो.

बऱ्याच वर्षांनी, यंदा, आबाला त्याच्या मुलीने डिजिटल कॅमेरा घेऊन दिला. अडॅप्टर लावला की जुनी लेन्स त्यावर बसते, हे ऐकून तो थेट माझ्या गच्चीवर आला. मी कपाटातली तीच लेन्स काढून दिली. ती बसवली, तर बटण दाबूनही फोटो निघेना. पडद्यावर 'लेन्स जोडलेली नाही'.

"एवढी मोठी लेन्स दिसत नही? तुन्यापेक्षा आंधळा शे हाऊ!" आबा कॅमेऱ्याकडे बोट करून त्याच्या अहिराणीत म्हणाला.

जुन्या लेन्समध्ये वीजजोडणी नसते, म्हणून कॅमेऱ्याला ती कळत नाही. मेन्यूत 'लेन्सविना शटर' सुरू केलं, शटरचा वेग हाताने ठरवला आणि फोटो निघाला. पांढरा. उजेड कमी व्हावा म्हणून त्याने लेन्सवरचं आकड्यांचं कडं आठवर आणलं, मग सोळावर. तरी पांढराच. त्याचा चेहरा उतरला.

"बठ्ठंच पांढरं शे, नाना. म्हणजे मनाच हात खराब."

माझी चूक तो दुसऱ्यांदा स्वतःच्या माथी घेत होता. मला ते सोसवेना.

"कडं फिरव आणि काचेतून आत बघ," मी म्हणालो.

उजेड कमी करणारी आतली पाती मिटायला हवी होती. ती जागची हलत नव्हती. त्यांच्यावर तेलाची चकाकी होती.

"फोकसची रिंग घट्ट फिरायची म्हणून त्या हिवाळ्यात मी शिलाई मशीनचं तेल सोडलं होतं. उन्हाळ्यात ते पातळ होऊन पात्यांवर उतरलं. तुझा आकडा बरोबर होता."

"तुले कधी समजनं?"

"लग्नानंतर चौथ्या दिवशी."

आबा उठला, माठाकडे जाऊन दोन पेले पाणी प्यायला, परत आला आणि हात पुढे केला. "पेचकस दे."

लेन्स उघडून, लायटरमधलं पेट्रोल आणि कापूस घेऊन आम्ही पातं न् पातं पुसलं, पुन्हा पुसलं. तिसऱ्या वेळी कडं फिरवल्याबरोबर पाती झटकन मिटली. आबा लहान पोरासारखा ओरडला.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी आम्ही असोद्याला गेलो. त्या नवरीचं सासर गावातच. आता ती घरची अक्का आहे. आबाला पाहताच ती म्हणाली, "आज पण चुना लावायला आलात का, भाऊ?"

ओट्यावर सगळं घर जमलं होतं. मी तेलाची गोष्ट सांगितली, चौथा दिवसही सांगितला. "अक्का, चुना यांनी नाही, मी लावला. तुम्हालाही आणि यांनाही."

 अक्का आबाला म्हणाली, "उन्हातच काढा. तेव्हासारखा." आणि जरीची साडी नेसून अंगणात उभी राहिली.

आबाने एकदा आभाळाकडे पाहिलं, आकडा सोळावर ठेवला, बटण दाबलं. पडद्यावर जरीची तार न् तार, कपाळावरचं कुंकू, चेहऱ्यावरची रेघ न् रेघ! अंगणभर तो कॅमेरा मिरवत फिरला. "मना आकडा! मना आकडा बराबर शे!"

मी बाजूला उभा होतो. त्याने मला दंडाला धरून अक्काशेजारी उन्हात उभं केलं.

"तू भी ये, नाना. तुना चेहरा भी साफ दिसू दे."