आरशांच्या टोप्या

आमच्या भाऊजींना रस्त्यावर दोनच प्राणी दिसतात. गाडीवाले आणि डास. डास म्हणजे आम्ही, मोटारसायकलवाले. मी शेगड्या दुरुस्त करत दिवसभर मोटारसायकलवर हिंडते, त्यामुळे मी त्यांची मेहुणीही आणि डासही.

भाऊजी गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवतात. हात सोन्याचा, मान्य. पण डोकं? दोन्ही बाजूंनी टीप मारून बंद केलेलं! आपल्या गाडीच्या आरशांना ओरखडे पडू नयेत म्हणून या माणसाने आरशांना टोप्या शिवल्या. मरून रेक्झिन, सोनेरी काठ, खाली नाडी. बरं, गाडी उभी असताना घालाव्यात ना? छे! चालवतानाही टोप्या आरशांवरच.

"अहो, मग मागचं दिसतं कसं?" मी एकदा विचारलं.

"मागचे बघतील त्यांचं ते. मला पुढे जायचंय."

धन्य! सिग्नल न देता वळायचं, मोटारसायकलला खेटून पुढे जायचं, गाडी थांबली की मागे न बघता दार धाडकन उघडायचं आणि कुणी पडता पडता वाचला तर वर त्यालाच शिव्या. चोराच्या उलट्या बोंबा, दुसरं काय. त्यात गिऱ्हाइकांनाही टोप्या आवडल्या. मग काय, टोप्या घेणाऱ्यांची रांगच लागली. सीटकव्हरं घ्या, टोप्या फुकट.

आणि याच माणसाने पोटच्या पोरीला मोटारसायकलची बंदी केली. माझ्या भाचीला एका लॅबमध्ये नोकरी मिळत होती. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांच्या घरी जाऊन तपासणीसाठी रक्त घ्यायचं, मोटारसायकल लॅबची. सोमवारपर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं. पोरगी रडून बेजार, ताईने अबोला धरलेला, आणि भाऊजी ढिम्म.

"बाबा, मला येते हो चालवता. मावशीने शिकवलंय."

"तुला येते गं. पण कारवाले बघतात कुठे?"

मी चहाचा कप खालीच ठेवला. ऐकलंत? कारवाले बघत नाहीत म्हणे! हे कोण बोलतंय, तर टोपीवाले महाराज. मला हसावं की त्यांच्या डोक्यात कप घालावा, कळेना.

शनिवारी त्यांची गाडी रंगवायला गेली होती. मागे घेताना स्वतःच्याच फाटकावर घासली होती. आरसे शाबूत, दार सोललेलं. इकडे कव्हरं पोचवायची घाई. ताई अबोला मोडून म्हणाली, "हिच्या मागे बसा आणि जा."

बसले बिचारे. कव्हरांचं गाठोडं आमच्या दोघांच्या मध्ये, एका हाताने माझं जाकीट घट्ट धरलेलं. एक गाडी शेजारून सुसाट गेली तसे ओरडले, "अगं, किती जवळून गेला हा!"

"डासाला कितीसं अंतर लागतं, भाऊजी?"

पुढच्या चौकाअलीकडे एक पांढरी गाडी आमच्या बरोबरीने चालली होती. ना सिग्नल, ना हॉर्न, ती एकदम आमच्याच अंगावर वळली. मी करकचून ब्रेक दाबला. चाक घसरलं आणि आम्ही दोघं रस्त्याकडेच्या खडीत आडवे. माझं कोपर सोललं, भाऊजींचा गुडघा. कव्हरं धुळीत.

भाऊजी पडल्या जागेवरूनच कडाडले, "डोळे फुटले का रे? आरसा कशाला दिलाय गाडीला?"

मग त्यांनी आरशाकडे पाहिलं. आरशावर टोपी होती. मरून रेक्झिन, सोनेरी काठ.

गाडीवाला उतरला. आधी गाडीला चक्कर मारून सगळीकडून हात फिरवून आला, मग आमच्याकडे वळला. "हे मोटारसायकलवाले ना, नुसते..." आणि एकदम ओळखीचं हसला. "अरे, मास्तर! तुम्ही? बघा, तुमची टोपी! आरशाला एक ओरखडा नाही अजून!"

माझ्या जिभेवर इतकं काही आलं होतं! पण भाऊजींचा चेहरा पाहिला आणि मी पहिल्यांदाच सगळं गिळून टाकलं. ते लंगडत उठले, नाडी सोडली, टोपी काढून खिशात कोंबली. खाली आरसा कोरा करकरीत, कंपनीचं स्टिकरसुद्धा तसंच. मग त्याला न विचारता पलीकडे गेले आणि दुसरीही काढली. तो "अहो, अहो" करत राहिला.

घरी आल्यावर ताईने गुडघा पाहिला आणि सगळं ऐकून घेतलं. भाची दारात उभी होती.

"सोमवारी कळव त्यांना," भाऊजी म्हणाले. "येते म्हणून."

पोरीने त्यांच्या गळ्यातच हात टाकले. त्यांनी ते हळूच सोडवले.

"पण लगेच नको जाऊस. थोडी मुदत माग."

"का, बाबा?"

"माझ्या बऱ्याच टोप्या अजून रस्त्यावर आहेत गं. त्या आधी काढून आणतो."