मुक्या तबकड्या

माझे भाऊजी, म्हणजे माझ्या ताईचे यजमान, लिफ्टचे मेकॅनिक. आठवडाभर ते लोकांच्या इमारतींत कधी खालच्या खड्ड्यात, तर कधी गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत असायचे. रविवारी दुपारी मात्र ते स्केटिंगच्या रिंकवर गाणी लावायचे, आणि कुणी व्यवसाय विचारला तर लिफ्टचं नावही काढायचे नाहीत. "संगीतात आहे," एवढंच सांगायचे. समोरचा आदराने बघायला लागला की ताई बाजूने म्हणायची, "आणि लिफ्ट अडकली असेल तर तीही सोडवतात."

रिंकवर त्यांना सगळे तबकडी मास्तर म्हणत. कठड्याला लागून एक लाकडी मचाण होतं, त्यावर दोन टर्नटेबल आणि मधे आवाजाचा मिक्सर. एका तबकडीवर गाणं चालू असताना दुसरीवर पुढचं तयार ठेवायचं आणि पहिल्यातून दुसऱ्यात असं अलगद शिरायचं की चाकांवर फेऱ्या मारणाऱ्याचा पाय अडखळता कामा नये, ही त्यांची कला. त्यात ते खरंच वाकबगार होते. सुई ठेवताना ते श्वास रोखायचे, आणि त्यांच्या आसपास उभं राहणाऱ्यानेही रोखावा अशी त्यांची अपेक्षा असायची.

अडचण एकच होती. तबकड्या लाकडी खोक्यांत, आणि खोकी भाऊजींच्या कमरेवर. दर रविवारी ती घरून न्यायची, मचाणावर चढवायची, संध्याकाळी परत आणायची. एका रविवारी शेवटचं खोकं उचलायला ते वाकले आणि वाकलेलेच राहिले. टॅक्सीतून घरी येताना त्यांनी ड्रायव्हरला सगळा रस्ता पायपुसण्याकडे बघत सांगितला. डॉक्टरांनी बजावलं की इथून पुढे भरलेल्या बादलीलासुद्धा हात लावायचा नाही.

रिंकच्या मालकीणबाई मनाने चांगल्या, पण व्यवहाराला पक्क्या. त्या म्हणाल्या, "मास्तर, तुम्ही आराम करा. तोवर मी माझ्या फोनवरून गाणी लावते. सगळी असतात हो त्यात."

भाऊजींनी हे फार मनाला लावून घेतलं. भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. पण पुढच्याच रविवारी संथ गाणं रंगात आलेलं, जोड्या हात धरून फिरताहेत, आणि मालकीणबाईंचा फोन वाजला. घाईत त्यांनी तो घेतला. मग सगळ्या रिंकने त्यांच्या बहिणीच्या तोंडून ऐकलं की नवी सून कशी सकाळी उशिरा उठते, आणि उठल्यावरही कशी काही करत नाही. लोक फेऱ्या मारायचे थांबले आणि कठड्याला टेकून ऐकू लागले. दुसऱ्या दिवशी मालकीणबाई भाऊजींना भेटायला आल्या. "काहीतरी तोड काढा, मास्तर. खोकी न उचलता येता आलं तर बघा."

भाऊजींनी तोड काढली. आठवड्याभरात ते एक खोका घेऊन आले, तोही काखेत सहज मावेल एवढा. ताईने उघडून बघितला. आत दोन नव्या कोऱ्या काळ्या तबकड्या, मुठीएवढी एक पेटी आणि वायरींचा गुंता. ताईने तबकडी उलटसुलट केली.

"कुठली गाणी आहेत यावर?"

"एकही नाही," भाऊजी अभिमानाने म्हणाले.

ताईने तबकडी परत खोक्यात ठेवली. मग शांतपणे म्हणाली, "घरात कपाटभर तबकड्या आहेत गाण्यांच्या. त्यात तुम्ही बिनगाण्याच्या आणल्या."

"अगं, नीट ऐक. यावर नुसती खूण असते. सुई ती खूण वाचते, पेटीला सांगते, पेटी लॅपटॉपला सांगते. गाणं लॅपटॉपमध्ये. तबकडी फिरली की गाणं चालतं. हाताने धरली की थांबतं. मागे फिरवली तर मागे जातं."

"म्हणजे गाणं लॅपटॉपमध्ये आहेच."

"आहे."

"मग तिथूनच लावा की."

"मग मी काय करू?"

ताई उठली. तिने जेवणाचं टेबल पुसून रिकामं करून दिलं.

ते टेबल पुढे बरेच दिवस जेवायला मिळालं नाही. मालकीणबाईंनी मचाणावरची दोन्ही टर्नटेबल माणसाकरवी घरी पाठवली होती. आधी कपाटातली गाणी लॅपटॉपमध्ये भरायची होती, आणि त्याला घाई चालत नाही. प्रत्येक तबकडी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवावी लागते. ताई मांडीवर ताट घेऊन जेवायची आणि ऐकायची. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण ती रिंकवर कधी गेली नव्हती. रविवारची दुपार तिची झोपेची. नवरा नेमकं काय वाजवतो हे तिला आत्ताच कळत होतं, आणि त्यातलं निम्मं तिला अजिबात आवडलं नाही.

मग खरी जोडणी सुरू झाली. मला ताईचा फोन आला. मी शाळेत भूगोल शिकवतो, वायरींशी माझा संबंध नाही, हे तिला माहीत होतं. "तू नुसता येऊन बस," ती म्हणाली, "म्हणजे ते माझ्याशी बोलायचे थांबतील."

मी पोचलो तेव्हा घरभर एक जाड घुंऽऽ भरून राहिलं होतं. स्पीकरमधून येत होतं. भाऊजी कंबरेला पट्टा बांधून ताठ उभे होते. त्यांचं म्हणणं, दोष फ्रिजचा आहे. फ्रिज बंद केला. मग पंखा, मग दिवे. घुंऽऽ तसंच. मग ते वरच्या मजल्यावर जाऊन शेजारच्या बाईंना त्यांचा फ्रिज बंद करायला सांगून आले. त्या बिचाऱ्यांनी केलाही. एव्हाना ताई अंधारात मोबाइलचा उजेड पाडत टेबलाखाली शिरली होती.

"अहो, ही हिरवी वायर कसली? नुसतीच लोंबतेय."

भाऊजींनी खाली वाकता येत नाही म्हणून माझ्याकडे बघितलं. मी वाकून बघितलं. बारीकशी वायर, टोकाला पितळी चिमटा, कशालाच न जोडलेली.

"ती," भाऊजी घसा साफ करत म्हणाले, "अर्थिंगची असावी."

हा माणूस ज्या घरी जेवायला जाईल तिथल्या यजमानाला अर्थिंगवर व्याख्यान देत आलेला. माझ्या लग्नात त्यांनी हॉलचं मीटर उघडून बघितलं होतं. ताईने वायर पेटीच्या स्क्रूखाली दाबली, घुंऽऽ थांबलं, आणि ती काहीही न बोलता दिवे लावायला गेली. तिचं ते न बोलणं भाऊजींना फार लागलं. वर जाऊन शेजारीणबाईंचा फ्रिज सुरू करायला सांगायचं काम माझ्याकडे आलं.

त्यानंतर सुई ठेवली तर स्पीकरमधून डासांच्या थव्यासारखी किरकिर. "हेच का ते गाणं?" ताईने विचारलं. ती तबकडीवरची खूण होती. ती लॅपटॉपने वाचायची, त्याऐवजी आम्हीच ऐकत होतो. एक खटका दुसरीकडे केल्यावर किरकिर बंद झाली आणि पडद्यावर दोन हिरवे गोल दिसायला लागले. ते नीट वाटोळे व्हायला हवेत, असं माहितीपत्रकात लिहिलं होतं. एक बटाट्यासारखा झाला होता. भाऊजींनी सुईची धूळ कुंचल्याने झाडली, टर्नटेबलाखाली पुठ्ठा सरकवून ते समपातळीत आणलं, कसलंसं बटण केसभर फिरवलं, आणि बटाट्याचा गोल झाला.

मग त्यांनी तबकडीवर बोट ठेवलं. गाणं थांबलं. बोट उचललं, चालू झालं. जरा मागेपुढे केलं तर गाणंही त्यांच्या बोटाखाली मागेपुढे झालं. त्यांनी दहा-बारा वेळा तेच केलं. चेहरा असा हरखलेला होता की मी आणि ताई स्वयंपाकघरात निघून गेलो.

रविवारी टर्नटेबल माणसाकरवी पुढे गेली आणि भाऊजी एक पिशवी घेऊन रिंकवर गेले. मागोमाग मी, काही उचलायचं नसताना. मचाणावर वायरी जोडायला मी पुढे झालो तर म्हणाले, "तू भूगोल बघ." वाकता येत नव्हतं, चष्मा घसरत होता म्हणून काढून खिशात ठेवला, आणि पेटीच्या पाठीमागे हात घालून त्यांनी लाल-पांढरी टोकं नुसत्या स्पर्शाने बसवली. पडद्यावर दोन्ही गोल व्यवस्थित वाटोळे. हेडफोन मात्र जेवणाच्या टेबलावरच राहिले होते, त्यामुळे पुढचं गाणं आधी कानाला लावून बघायची सोय नव्हती.

पहिलं गाणं छान गेलं. भाऊजींनी मालकीणबाईंकडे नजर टाकली. त्यांनी मान डोलावली. दुसऱ्या गाण्याची सुरुवात फार लांबड होती म्हणून ती गाळून त्यांनी ते मधूनच तयार ठेवलं होतं. अलगद, श्वास रोखून, ते दुसऱ्या टर्नटेबलावर शिरले.

आणि गाणं उलटं वाजायला लागलं. ढोल आत ओढले जाताहेत, गायिका शब्द गिळतेय, व्हायोलिनं धापा टाकताहेत. भाऊजी गोठून उभे राहिले. तेवढ्यात मालकीणबाईंना वाटलं की मास्तरांनी आज काहीतरी नवं आणलंय. त्यांनी माइक घेतला. "आता सगळ्यांनी उलटं फिरायचं. पाठमोरे चला, एकमेकांना सांभाळा."

सगळा रिंक वळला. दर रविवारी येणारे एक निवृत्त न्यायाधीश होते. ते आयुष्यात कधी मागे गेले नव्हते. तेही वळले आणि पत्नीचा हात धरून पाठमोरे निघाले. तिथे नेहमी येणाऱ्या एक शिंपीणबाई त्यांच्यावर आदळल्या, तिघं मिळून हळूच खाली बसले, आणि बसल्या बसल्या थोडे पुढे घसरले. कुणाला लागलं नाही. न्यायाधीश इतके हसले की त्यांना उठवायला दोघं लागले. एवढ्यात गाणं मागे जात जात आपल्या सुरुवातीला पोचलं आणि एकदम गप्प झालं. क्षणभर नुसता चाकांचा आवाज. मग टाळ्या.

भाऊजींनी चष्मा लावला, कंबर धरली आणि पेटीच्या मागे वाकून बघितलं. लाल टोक पांढऱ्याच्या जागी होतं, पांढरं लालच्या. मग तबकडी सरळ फिरली तरी लॅपटॉपला ती उलटी वाटणारच. त्यांनी टोकं बदलली, सरळ झाले, आणि मला म्हणाले, "कुणाला सांगू नकोस."

पण पुढच्या रविवारी लोकांनी उलटं गाणं मागितलं. भाऊजी ठाम. "तो बिघाड होता. मी बिघाड वाजवत नाही." न्यायाधीश स्वतः मचाणापाशी आले आणि म्हणाले, "मास्तर, अपील करतोय." तेव्हा भाऊजींनी नाइलाजाने टर्नटेबलाची मोटर बंद केली, तबकडीवर बोट टेकवलं, आणि सबंध गाणं बोटाने उलटं फिरवून दाखवलं. लय जराही हलली नाही. संध्याकाळी बोटाला फोड आली होती. त्यांनी ती घरी सगळ्यांना दाखवली.

आता ताईही रविवारी जाते. लॅपटॉपवरची बारीक अक्षरं भाऊजींना दिसत नाहीत, म्हणून ती मचाणावर खुर्ची टाकून बसते आणि गाण्यांची नावं वाचून दाखवते. जी तिला आवडत नाहीत ती वाचतच नाही. भाऊजींच्या हे बरेच उशिरा लक्षात आलं.

"अगं, ते ट्रम्पेटचं कुठे गेलं? होतं ना यात?"

"दिसत नाही बाई कुठे," ताई म्हणते, आणि पुढचं नाव वाचते.