बघण्याचा कार्यक्रम आणि सूप डंपलिंग

एकसष्टाव्या वर्षी माझा बघण्याचा कार्यक्रम झाला. ठरवला माझ्या मुलीने. नवरा जाऊन सात वर्षं झाली, मी भांडुपला एकटी राहते आणि मजेत राहते, हे तिला शंभरदा सांगून झालंय. पण लेकीच्या डोक्यात एकदा काही बसलं की झालं. बोरिवलीचे एक गृहस्थ तिने शोधून काढले. वय सहासष्ट, बायको पाच वर्षांपूर्वी गेलेली, नोकरीत असताना इमारतींचे नकाशे काढायचे. भेटायचं कुठे? मुलुंड मी आधीच बाद केलं, तिथे माझी नणंद राहते आणि तिला घराबाहेर पडायला कारण लागत नाही. घाटकोपरला दीर. शेवटी अंधेरीतलं एक साधंसं चायनीज हॉटेल ठरलं. शनिवार आम्ही दोघंही पाळतो, म्हणून बुधवार.

बसमध्ये दोनदा वाटलं, उतरावं आणि मुकाट घरी जावं. मला पुन्हा कुणाचा संसार करायचा नव्हता. पण रोज संध्याकाळी एकटीने टीव्हीशी भांडायचाही कंटाळा आला होता. यातलं जास्त खरं कुठलं ते मलाच कळत नव्हतं, आणि मुलीला तर रात्रीपर्यंत हो की नाही ते हवं होतं.

गृहस्थ आधीच येऊन बसले होते. पांढरा शर्ट, कडक इस्त्री. मी शर्टाकडे बघतेय म्हटल्यावर म्हणाले, "स्वतः केलीय. चहा, इस्त्री आणि उकडलेलं अंडं, एवढंच येतं मला." मला हसू आलं. माणूस बरा वाटला, खोटं कशाला बोलू.

त्यांच्या नातीने घरूनच पढवून पाठवलं होतं, सूप डंपलिंगच मागवा म्हणून. बांबूची टोपली आली. झाकण काढलं तर आत सहा पांढरी गाठोडी, मोदकाला पाडतो तशा कळ्या पाडलेली. वेटरने नीट समजावलं. चमच्यात घ्या, बाजूला बारीक भोक पाडा, आतलं सूप ओढून घ्या, मग बाकीचं तोंडात टाका. आणि थांबू नका, गार झालं की साल चिकटते. आत सूप भरता कसं, मी विचारलं. तर म्हणे ते गोठवून भरतात आणि वाफेवर विरघळतं. पायाचं सूप फ्रीजमध्ये थिजतं तसं, एवढं मला लगेच कळलं.

गृहस्थांना भोकबीक काही जमलं नाही. त्यांनी सरळ चावा घेतला आणि सुपाची पिचकारी शर्टावर. "वाट लागली," एवढंच म्हणाले आणि स्वतःच इतके हसले की शेजारच्या टेबलावरचे वळून बघायला लागले. मीही हसले. मग ते बोरिवलीच्या सोसायटीतली भांडणं नकला करून सांगत बसले. इतकं मी बऱ्याच दिवसांत हसले नव्हते.

या सगळ्यात माझे हात कामाला लागले होते आणि मला पत्ताच नाही. त्यांच्या चमच्यात दुसरं डंपलिंग ठेवलं. आल्याचे काप पुढे सरकवले. ग्लासात पाणी ओतलं, नॅपकिन दिला, तिसरं वाढलं. "झकास आहे हो," ते म्हणत होते. चौथंही वाढलं. मग मी माझं उचलायला गेले, तर ते गार पडून टोपलीतल्या कागदाला चिकटलेलं. जरा ओढलं तर बूड फाटलं आणि सूप सगळं खाली गेलं. ताटलीत आली ती ओली साल आणि खिम्याचा गोळा.

माझं डोकंच फिरलं. त्यांच्यावर नाही, स्वतःवर. ते बिचारे वाढा असं कुठे म्हणाले होते? पस्तीस वर्षं मी अशीच जेवले. तव्यावरची भाकरी आधी सासऱ्यांच्या ताटात, मग नवऱ्याच्या, मग मुलीच्या, आणि सगळ्यांचं उरकल्यावर मी गार आमटीत उरलेली कुस्करायची. एकटी पडल्यावर गरम जेवायला शिकले. आणि एक इस्त्रीचा शर्ट समोर येऊन बसला तर वीस मिनिटांत सगळं मुसळ केरात.

"मग, पुढे काय करायचं आपण?" त्यांनी विचारलं.

"मला नाही जमायचं," मी म्हटलं.

त्यांचा चेहरा उतरला. "माझं काही चुकलं का?"

"तुमचं काही नाही. तुम्ही मला आवडलात. पण कुणी समोर बसलं की मला जेवता येत नाही. हे बघा." मी ताटली पुढे सरकवली आणि भाकरीचं सगळं सांगून टाकलं.

ते त्या फाटक्या डंपलिंगकडे बघत राहिले. मग हळू आवाजात म्हणाले, "आमची हीसुद्धा असंच जेवत असणार. मी कधी बघितलंच नाही."

त्यांनी वेटरला बोलावलं, अजून एक टोपली मागवली आणि ती माझ्यासमोर ठेवायला सांगितली. स्वतः हात मांडीवर घेऊन बसले.

पहिलं घेतलं. सुपाने जीभ पोळली, पण काय चव होती. दुसरं उचललं आणि माझा चमचा आपोआप त्यांच्या ताटलीकडे वळला.

"हात मागे घ्या," ते म्हणाले.

घेतला. तिसरं खाल्लं, चौथं खाल्लं. ते आवंढा गिळत पंख्याकडे बघत होते.

"रोज असे थांबाल?"

"रोजचं खोटं सांगणार नाही. भूक लागली की मला काही सुचत नाही. पण आठवड्यातून चारदा नक्की."

रोज म्हणाले असते तर माझा विश्वास बसला नसता. चारदा मला पटलं.

टोपलीत अजून दोन होती. होकार तोंडात आला होता, तरी आधी ती दोन्ही गरम आहेत तोवर खाल्ली, आणि मग सांगितलं.